आतड्याचा निरोप रक्तातून जातो

श्रोतेहो नमस्कार. हार्मोन म्हटलं की थायरॉइड आठवतं, इन्सुलिन आठवतं, पण आपलं जठर आणि आतडी स्वतःच हार्मोन बनवतात हे फारसं कुणाला माहीत नसतं, आणि मला तर मनापासून वाटतं की हे शाळेतच नीट शिकवायला हवं.

१९०२ साल, लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, बेलिस आणि स्टार्लिंग हे दोघं शास्त्रज्ञ. तेव्हा सगळ्यांचा समज, रशियातले शास्त्रज्ञ पावलोव यांचासुद्धा, की अन्न आतड्यात उतरलं की नसा, म्हणजे मज्जातंतू, स्वादुपिंडाला कळवतात आणि मग पाचकरस सुटतो. या दोघांनी काय केलं, भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाच्या नसा कापून टाकल्या, रक्तवाहिन्या तेवढ्या ठेवल्या, आणि आतड्याच्या त्या भागात ॲसिड सोडलं. तरी स्वादुपिंडातून रस आलाच! मग स्टार्लिंगनी आतड्याचं आतलं अस्तर खरवडलं, ॲसिडमध्ये घोटलं, गाळलं, रक्तात टोचलं, परत रस. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. तो पदार्थ सिक्रेटिन, आणि रक्तातून असा निरोप नेणारा पदार्थ म्हणजेच हार्मोन. पुढे पावलोव यांच्या लॅबमध्ये हाच प्रयोग करून बघितला आणि त्यांनी ते मान्य केलं, हा मला फार मोठेपणा वाटतो.

सिक्रेटिन बनतं ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे. जठरातलं ॲसिड तिथे पोचलं की सिक्रेटिन रक्तात सुटतं, मग स्वादुपिंड बायकार्बोनेटवाला रस सोडतं आणि ॲसिडचा जोर मोडतो. तिथेच कोलेसिस्टोकायनिन पण बनतं, डॉक्टर लोक सीसीके म्हणतात, तेल-तूप आणि प्रोटीन आलं की ते पित्ताशय आवळतं, पित्तरस बाहेर काढतं आणि जठराला सांगतं जरा दमाने घे, म्हणून भजी खाल्ली की पोट बराच वेळ जड राहतं, आणि ज्यांना पित्ताशयात खडे आहेत त्यांना तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते ती पण यामुळेच.

जठराच्या खालच्या भागात गॅस्ट्रिन, ते ॲसिड वाढवतं, आणि ॲसिड फार झालं की गॅस्ट्रिनचं सुटणं आपोआप कमी होतं. वरच्या भागात घ्रेलिन, भूक लावणारं, १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं, रोजची जेवायची वेळ जवळ आली की ते चढतं.

आणि लहान आतड्याच्या शेवटी आणि मोठ्या आतड्यात जीएलपी-१ नावाचं हार्मोन. जेवल्यावर ते इन्सुलिन वाढवतं, पण दोनेक मिनिटांत निम्मं संपतं कारण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला तोडतं. तुमच्या घरात कुणी शुगरसाठी सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिन घेत असेल ना, तर ती गोळी त्या एन्झाइमलाच अडवते, आपल्याच आतड्यातलं जीएलपी-१ जरा जास्त वेळ टिकावं म्हणून.