मुठीत आलेले केस

नमस्कार श्रोतेहो. आज ब्रिटिश रहस्यकथांबद्दल बोलणार आहे. शेरलॉक होम्स, हर्क्यूल प्वारो, मिस मार्पल ही मंडळी आपल्याकडे वाचनालयाच्या खाकी कव्हरातून घरोघरी आली, त्यांची ओळख करून द्यायला नकोच. होम्स पहिल्यांदा छापून आला 1887 साली. त्याला घडवणारे कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर होते. रोग्याकडे नुसतं बघून त्याचा धंदा ओळखणारे जोसेफ बेल हे त्यांचे एडिनबरामधले शिक्षक. म्हणजे या कथांचं मूळ निरखून बघण्यात आहे. हे लक्षात असू द्या, निरखून बघण्यात.

प्वारो आणि मिस मार्पल यांना घडवणाऱ्या अगाथा ख्रिस्तींचंही तसंच. पहिल्या महायुद्धात त्या इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधं तयार करून द्यायचं काम करत. कुठलं औषध किती दिलं की विष होतं, हे त्या तिथे शिकल्या. 1920 साली त्यांची पहिली कादंबरी आली. त्यातलं विष इतकं अचूक उतरलं होतं की औषधशास्त्राच्या नियतकालिकानं तिची वाखाणणी केली. मला स्वतःला या कौतुकाचं मोल इतर कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त वाटतं.

आता एक गोष्ट सांगते. खरी घडलेली.

1961 साली ख्रिस्तींची ‘द पेल हॉर्स’ आली. सुरुवातीलाच लंडनमधल्या एका कॉफीच्या दुकानात दोन मुलींची जुंपते. झोंबाझोंबीत एकीच्या डोक्यावरचे केस दुसरीच्या मुठीत येतात, अगदी मुळापासून, झुपकेच्या झुपके. आणि जिचे केस उपटले ती म्हणते, काही दुखलं नाही. वाचणारा पान उलटतो आणि विसरून जातो. मीही विसरले होते. पण धागा तिथेच आहे. केस सहज हातात आले, आणि दुखलं नाही. त्यामागे असतं थॅलियम नावाचं विष.

पुढे 1977 साली कतारहून एका 19 महिन्यांच्या मुलीला विमानानं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणलं. पोर अर्धवट शुद्धीत. डॉक्टर तपासण्यांवर तपासण्या करतायत, पण दुखणं कशाचं ते काही कळेना. आणि मुलगी दिवसेंदिवस खालावत चाललेली. तिची शुश्रूषा करणारी एक नर्स त्याच दिवसांत ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. एव्हाना मुलीचे केस गळायला लागले होते. केस, श्रोतेहो. नर्सला पुस्तकातल्या खुणा आठवल्या, आणि तिनं मोठ्या डॉक्टरांपुढे धीर करून सांगितलं, की हे थॅलियम तर नसेल?

रुग्णालयात नर्सनं डॉक्टरांना असं सुचवायला छाती लागते. आपल्याकडे तर फारच लागते. चोवीस तास रोग्याजवळ असणाऱ्या माणसाचं पहिलं ऐकावं, असं माझं ठाम मत आहे. त्या डॉक्टरांनी ऐकलं, हा त्यांचा मोठेपणा. तपासणी झाली आणि अंगात थॅलियम सापडलं. घरी झुरळं-उंदीर मारायला जे विष वापरलं होतं, त्यात ते होतं. नेमके उपचार सुरू झाले. मुलगी वाचली.

आणि हो, विषयाबाहेरचं आहे, पण सांगतेच. झुरळांची पावडर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ओट्याखाली ठेवू नका. मूळ डब्यातच ठेवा, आणि वरच्या फळीवर. रांगणाऱ्या मुलाचा हात कुठेही पोचतो.

तर, निरखून बघणं म्हणत होते ते हे. ख्रिस्तींच्या गोष्टींना कृत्रिम कोडी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. औषधखान्यात मिळालेलं ज्ञान इतक्या वर्षांनी एका लेकराच्या खाटेपर्यंत पोचलं, कारण बाईंनी लक्षणं जशी असतात तशीच लिहिली होती.

एक तक्रारही करायची आहे. वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. दोनशे पानांचा आनंद एका शब्दात गेला. कृपा करून असं करू नका.

रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्सबद्दल बोलायचं राहिलंच. घंटांच्या नादावर त्यांनी 1934 साली लिहिलेली ‘द नाइन टेलर्स’ माझी फार आवडती आहे. तिच्यासाठी वेगळा वेळ मागून घेईन.

कतारच्या मुलीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नंतर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यात त्यांनी त्या नर्सचे आभार मानले, आणि लक्षणांच्या नेमक्या वर्णनासाठी अगाथा ख्रिस्तींचेही. ख्रिस्ती 12 जानेवारी 1976 ला गेल्या होत्या. त्यांना हे कळलं नाही.

‘द पेल हॉर्स’ मिळाली तर जरूर वाचा. विषाचं नाव मी सांगितलंय, खुन्याचं सांगितलेलं नाही. नमस्कार.