राग येतो, राग जातो

(लाकडी ठोकळ्यांचा मनोरा. शेजारून एक हात येतो, मनोरा कोसळतो.)

तीन वर्षांची चिमुरडी. केव्हापासून खपून तिने हा मनोरा रचला होता. शेजारच्या मुलाचा धक्का लागला आणि सगळं भुईसपाट झालं. आता तिच्या हाताकडे बघा. मूठ आवळलेली, अंगठा मुठीच्या आत. एक ठोकळा उचलून ती भिरकावते. "काय झालं?" असं विचारलं तर तिला सांगता येणार नाही. जे झालंय ते अंगात भरलंय, ओठांवर त्याला शब्द नाही.

बालवाडीच्या ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसतात. "मनोरा पडला. राग आला ना तुला?"

मुलगी मान हलवते. आणि मग तिला रडू फुटतं.

मराठीत राग येतो. भीती वाटते, आनंद होतो, कंटाळा येतो. आलेलं जातंही, हे मुलाला वेगळं समजावावं लागत नाही. बोलता बोलता ते कानावर पडत असतं. म्हणूनच "तुला राग आलाय" आणि "तू रागीट आहेस" या दोन वाक्यांत मला फार मोठं अंतर दिसतं. पहिल्यात राग पाहुणा आहे. दुसऱ्यात तो मुलाच्या नावाला चिकटवून टाकलाय. आणि दुसरं वाक्य आपल्या तोंडून किती सहज निघतं!

नाव दिल्याने काय होतं, याचा मागोवा मेंदूतही घेतला गेला आहे. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी प्रौढ माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडताना मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया मंदावलेली दिसली. हा प्रयोग मुलांवरचा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. मुलांबाबत ज्युडी डन आणि सहकाऱ्यांचं १९९१ चं काम आहे: ज्या घरांत तीन वर्षांच्या मुलांशी भावनांबद्दल जास्त बोललं जायचं, तिथली मुलं साडेसहाव्या वर्षी इतरांच्या भावना अधिक चांगल्या ओळखत होती.

(भिंतीवरचा तक्ता. मुलं एका सुरात म्हणतायत.)

आता विरुद्धार्थी शब्द. खूश, नाखूश. आशा, निराशा. समाधान, असमाधान. पाठ करायला सोपे, मुलं घडाघडा म्हणतात. पण 'नाखूश' ऐकून मुलाला एवढंच कळतं की खूश नाही. मग आहे काय? रुसलंय, हिरमुसलंय, भेदरलंय, की नुसती भूक लागलीय?

हिरमुसणं म्हणजे मोठ्या आशेने पुढे केलेला हात रिकामाच मागे येणं. रुसणं निराळं. रुसलेलं मूल पाठ फिरवतं, पण लांब जात नाही, कारण कुणीतरी समजूत काढायला यावं असं त्याला वाटत असतं. आपल्याकडे इतके नेमके शब्द असताना मुलांच्या हाती फक्त 'चांगलं' आणि 'वाईट' का द्यायचं?

रागाच्या विरुद्ध काय, हे मोठ्यांनाच विचारून बघा. कुणी शांती म्हणेल, कुणी प्रेम. बोलीत आपण सरळ 'राग-लोभ' म्हणतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्लुटचिक यांनी १९८० मध्ये आठ मूळ भावनांचं चक्र मांडलं, त्यात रागासमोर आहे भीती! राग पुढे झेपावतो, भीती मागे सरते. तक्त्यावर एकच जोडी छापली की हा सगळा विचार मुलापासून दडून राहतो.

ताई तक्ता बाजूला ठेवतात. "रागाची मूठ दाखव." मुलगी मूठ आवळते, डोळेही मिटून घेते. "आता राग गेल्यावरची मूठ?" बोटं हळूहळू उलगडतात. तळहातावर नखांचे चार लाल ठसे आहेत. ती ते निरखून बघते आणि शेजारच्या मुलाला दाखवते. तोच, मनोरा पाडणारा. विरुद्ध म्हणजे काय, ते तिला आत्ता हातात सापडलंय.

एक अडचण मात्र राहतेच. विरुद्ध शब्द शिकवताना आपण नकळत सुचवतो की एक असेल तर दुसरं नसतं. लहानांना तसंच वाटतं. सुझन हार्टर यांनी १९८० च्या दशकात मुलांशी बोलून टिपलं, की अगदी लहान मुलं एका वेळी दोन भावना असू शकतात हेच मान्य करत नाहीत. विरुद्ध भावना एकत्र नांदतात ही समज बऱ्याच वर्षांनी येते. त्याची घाई करू नये. तोवर 'आधी' आणि 'मग' हे दोन शब्द पुरतात.

(घसरगुंडी. वर एक चार वर्षांचा मुलगा, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला.)

"भीती वाटतेय?" ताई खालून विचारतात.

"हो."

ताई "घाबरू नकोस" म्हणत नाहीत. "बरं," म्हणतात आणि तिथेच उभ्या राहतात. मागे रांग लागली आहे, कुणी ओरडतंय. मुलगा एक हात सोडतो. मग दुसरा.

खाली आल्यावर धापा टाकत तो सांगतो, "आधी भीती वाटली. मग मजा आली." थोडं थांबतो. "आता परत भीती वाटतेय."

आणि शिडीकडे पळतो.