बोकडाचे शेवटचे तीन महिने: चराई की खुराक

विकण्यापूर्वी जनावराला शेवटचे काही महिने कुरणावर ठेवावे की धान्य चारावे, हा वाद मूळचा अमेरिकेसारख्या देशांतला आणि तोही गोवंशाच्या मांसाबद्दलचा आहे. आपल्या राज्यात 2015 पासून गायीबरोबरच वळू आणि बैल यांच्याही कत्तलीला बंदी असल्याने तो जसाच्या तसा येथे मांडण्यात अर्थ नाही. पण बकरी ईदेसाठी उस्मानाबादी बोकड तयार करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो, आणि तिकडची उत्तरे मोबाइलवर पाहून तो ती आपल्या गोठ्यात लावू लागला आहे. म्हणून आज या विषयावर बोलतो आहे.

अमेरिकेतले वासरूही जन्मापासून मक्यावर वाढत नाही. ते आधी आईच्या दुधावर आणि गवतावर वाढते, आणि शेवटचे चार ते सहा महिने टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का अशा राज्यांतल्या मोठ्या आवारांत जाते. ती आवारे पाहिली तर आपल्याला दुष्काळातल्या चारा छावण्या आठवतील. फरक इतकाच, की आपली छावणी जनावर जगवण्यासाठी असते आणि त्यांची ते जाड करण्यासाठी. तेथे 1927 पासून मांसाची सरकारी प्रतवारी होते आणि तिच्यात वरचा क्रम मिळतो तो स्नायूंच्या आत चरबीचे बारीक पांढरे धागे पसरलेल्या मांसाला. मक्यातल्या पिष्टाने हे धागे लवकर भरतात, तर निव्वळ गवतावरच्या जनावराला त्याच वजनापर्यंत पोहोचायला कित्येक महिने जास्त लागतात. तेथील धान्याचा सारा हिशेब या धाग्यांवर उभा आहे.

शेळीच्या शरीराची रीत वेगळी आहे. ती जादा चरबी स्नायूंत फारशी साठवत नाही, पोटात साठवते. भरपूर खुराकावर ठेवलेला बोकड सोलताना पाहा: मूत्रपिंडांभोवती आणि आतड्यांवरच्या जाळीदार पडद्यावर चरबीचे घट्ट थर दिसतात, आणि खाटीक त्यातली बरीचशी बाजूला काढून ठेवतो. म्हणजे सरकी पेंडीचा आणि मक्याच्या भरड्याचा पैसा काही अंशी त्या बाजूच्या ढिगात गेलेला असतो. पिवळी चरबी म्हणजे चराईचे जनावर, ही ओळखही गायीपुरतीच खरी आहे. शेळी चाऱ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचे जीवनसत्त्व अ बनवते, त्यामुळे तिची चरबी कशानेही पांढरीच राहते. चराईच्या मांसात ओमेगा-3 अधिक असते हे खरे, पण ते प्रमाण इतके थोडे आहे, की त्यासाठी मांस खाण्यापेक्षा आपली जवसाची चटणी बरी.

मग खुराक द्यायचाच नाही काय? द्यायचा, पण तो चरबीसाठी नव्हे, तर चराई संपलेल्या महिन्यांची भरपाई म्हणून. आणि ते महिने ठरवते पंचांग. ईद दर वर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते. 2017 साली ती सप्टेंबरच्या सुरुवातीला होती, तेव्हा तिच्या आधीचे तीन महिने पावसाळ्याचे होते आणि बालाघाटाच्या उतारांवर पाला-गवताला तोटा नव्हता. जंतांचे औषध वेळेवर पाजले की अर्धे काम होत होते. 2025 साली ती 7 जूनला आली. आधीचे तीन महिने म्हणजे मार्च ते मे. माळ करपलेला, बाभळीच्या शेंगा आणि कडुलिंबाचा पाला एवढाच आधार, आणि बोकड दिवसभर हिंडून खाल्लेले चालण्यातच खर्च करतो. अशा वर्षी खुराकाशिवाय इलाज नाही. 2032 च्या सुमारास ती मार्चमध्ये येईल, तेव्हा तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट ऐन भरात हाती असेल आणि खुराक निम्म्यावर आणता येईल.

खुराक सुरू करण्यात घाई मात्र करू नये. माझ्याच खळ्यावर एकदा दावे तोडून बोकडाने ज्वारीच्या राशीत तोंड घातले. सकाळी त्याची डावी कूस फुगलेली होती, दाबली तर पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हलत होती, आणि तोंडाला आंबूस वास येत होता. पिष्ट एकदम पडले, की कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, आम्ल वाढते, चारा पचवणारे जिवाणू मरतात आणि रवंथ थांबते. खाण्याचा सोडा पाजूनही तो बोकड वाचला नाही. म्हणून सुरुवात दिवसाला 100 ग्रॅमने करावी, दहा-बारा दिवसांत दोन वेळचे मिळून 250 ग्रॅमपर्यंत न्यावे, आणि आधी वैरण खाऊ घालावी. आंत्रविषार या आतड्यांच्या रोगाची लस त्यापूर्वी टोचलेली असावी. गव्हाच्या कोंड्यावर फार भर दिला तर स्फुरद वाढून नराला, विशेषतः लहानपणीच खच्ची केलेल्याला, मुतखडा होतो. ही चूक मी फार गोठ्यांत पाहिली आहे.

हिशेब असा करा. 250 ग्रॅमप्रमाणे 90 दिवसांत साडेबावीस किलो खुराक लागतो. समजा त्याने रोजची वाढ 40 ग्रॅमने जास्त झाली, तर 3.6 किलो जिवंत वजन वाढले. दोन्हींना आपापल्या बाजारचा भाव लावला, की उत्तर मिळते. मात्र त्यासाठी पहिल्या दिवशी बोकड काट्यावर चढवलेला हवा. आपल्याकडे सौदा बहुधा उक्ता होतो. व्यापारी आधी तोंड उघडून तो दोनदाती, म्हणजे पुढचे दोन पक्के दात आलेला, आहे का ते पाहतो, मग कमरेच्या मणक्यांवरून अंगठा फिरवतो, आणि त्या एका दाबात त्याला जे वजन कळते ते मालकाला तीन महिने चारूनही ठाऊक नसते.