मिलेच्या शेतात व्हॅन गॉग

(पडद्यावर: पिवळ्याधमक गंजीच्या सावलीत झोपलेलं जोडपं)

भर दुपार. निम्मी कापणी उरकून दोघं गंजीच्या सावलीला लवंडलीत. तो उताणा, टोपी तोंडावर ओढलेली. ती त्याला लागून, हातांची उशी करून. जवळच दोन विळे आणि त्यानं काढून ठेवलेले बूट.

अंगाला चटका बसावा असं हे ऊन व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं रंगवलं ते 1889-90 च्या हिवाळ्यात, दक्षिण फ्रान्समधल्या सां-रेमीच्या मनोरुग्णालयात. समोर ना गंजी होती, ना मजूर. होतं एक छापील चित्र, तेही काळं-पांढरं. मूळ रेखाटन ज्याँ-फ्रान्स्वा मिलेचं, शेतात राबणारी माणसं रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकाराचं.

त्या बुटांपाशी जरा थांबू. 1875 साली बावीस वर्षांचा व्हिन्सेंट पॅरिसमध्ये चित्रविक्रेत्यांकडे नोकरीला होता. मिले त्याच जानेवारीत वारला होता, आणि त्याची रेखाटनं लिलावघरात मांडली होती. त्या दालनात शिरताना काय वाटलं, ते व्हिन्सेंटनं धाकट्या भावाला, थिओला कळवलं: पायातले जोडे काढ, तू उभा आहेस ती जागा पवित्र आहे. शब्द बायबलमधले, पण देवळाच्या पायरीशी चपला काढणाऱ्याला ते वेगळे समजावून द्यायला नकोत.

(पडद्यावर: मनोरुग्णालयाची खिडकी, पलीकडे गव्हाचं शेत)

1889 च्या उन्हाळ्यात आजारानं पुन्हा उचल खाल्ली. कित्येक आठवडे बाहेर पडणं बंद. समोर बसवून रंगवावं असं माणूसही मिळेना. मग त्यानं मिलेची छापील चित्रं समोर घेतली आणि एकापाठोपाठ एक 21 चित्रं केली.

नक्कल? हा प्रश्न त्यालाही टोचत होताच. बीथोवेनची रचना वाजवणारा तिच्यात आपला अर्थ भरतो, मग चित्रकारालाच ती मुभा का नसावी, असं त्याचं म्हणणं. ब्रश बोटांत व्हायोलिनच्या गजासारखा फिरतो, असंही तो लिहितो. छापील चित्रात रंग नव्हते, हे एका परीनं बरंच झालं. रेषा मिलेची राहिली; जांभळं-निळं आभाळ आणि पेटल्यासारखा पिवळा मात्र व्हॅन गॉगचा.

फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाच्या ‘पिएता’चं, म्हणजे मृत ख्रिस्त आणि शोकाकुल मेरीच्या चित्राचं निमित्त तर अपघाताचं. छापील प्रत तेलात-रंगात पडून खराब झाली. हळहळला, आणि तेच चित्र त्यानं रंगात उतरवलं. त्यातल्या ख्रिस्ताची दाढी लालसर आहे, खुद्द व्हिन्सेंटच्या दाढीसारखी.

(पडद्यावर: ‘पहिली पावलं’)

जानेवारी 1890. थिओनं मिलेच्या एका चित्राचा फोटो धाडला होता. व्हिन्सेंटनं त्यावर चौकटी आखल्या आणि घरोघरचे बोर्ड रंगवणारा पेंटर करतो तसं चित्र चौकटीगणिक मोठ्या कॅनव्हासवर उतरवून घेतलं. परसातली बाग. कुंपणावर वाळत घातलेले कपडे. बापानं हातातलं फावडं टाकलंय आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरलेत. आईनं धरलेलं लेकरू त्याच्याकडे झेपावतंय.

थिओची बायको तेव्हा गरोदर होती. 31 जानेवारीला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं व्हिन्सेंट.