वक्त्याची पदवी सोडा, त्याचा एक दावा धरा

नमस्कार मंडळी. जानेवारी 2018 मधली गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलनाला आलेले केंद्रीय मनुष्यबळ विकास, म्हणजे शिक्षण खात्याचे तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कधी सांगितलं नाही, लिहिलंही नाही, म्हणून अभ्यासक्रम बदला. सिंह मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, शिवाय रसायनशास्त्र शिकलेले. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून हे खोडून काढलं. प्रकाश जावडेकर तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते, त्यांनीही सिंहांना अशी विधानं टाळायला सांगितलं.

पण अकादमीनं सांगितलं म्हणून चूक, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. उद्या कुणी डॉक्टरेटवाला तुमच्या कॉलेजात येऊन हेच बोलेल, तेव्हा निवेदन काढायला कोणी नसेल. तुम्हाला स्वतःला पारखता आलं पाहिजे.

सिंहांचंच विधान घ्या. आजच्या माकडाचा माणूस झाला, असं उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता, साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी. माणूस लिहायला लागला जेमतेम 5 हजार वर्षांपूर्वी. मग ते पाहून लिहून ठेवणार कोण? म्हणजे आधी हे बघायचं, की वक्ता ज्याला खोटं ठरवतोय, ते विज्ञान खरंच तसं म्हणतं का.

हा दावा सोपा होता. आता अवघड माणूस घेऊ. अमेरिकेतले डुएन गिश. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची जैवरसायनशास्त्रातली अस्सल पीएचडी, 1953 ची. पुढे निर्मितीवाद, म्हणजे सगळे जीव देवानंच घडवले हे मत, मांडणाऱ्या संस्थेत उपाध्यक्ष, आणि कॉलेजा-कॉलेजांतून शेकडो वादविवाद. इथे पदवी बघून काहीच कळत नाही. पदवी खरीच आहे.

गिश एक भुंगेरा सांगायचे. बॉम्बार्डियर बीटल. जेमतेम दोनेक सेंटिमीटरचा किडा, पण शत्रू आला की शेपटीकडून उकळत्या द्रवाची पिचकारी मारतो, आवाजासकट. पोटात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, तेच जे जखम धुवायला वापरतात. गिश म्हणायचे, ही दोन रसायनं एकत्र आली की स्फोट होतो. म्हणजे स्फोट थांबवणारं तिसरं रसायन पहिल्या दिवसापासून हवं, नाहीतर भुंगेराच उडाला असता. टप्प्याटप्प्यानं हे घडूच शकत नाही. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातही त्यांनी हे घातलं होतं.

ऐकताना पटतं की नाही? मलाही हा युक्तिवाद देखणा वाटतो. आणि म्हणूनच पुढचं फार आवडतं. 1978 मध्ये सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातल्या विल्यम थ्वेट्स आणि फ्रँक ऑब्री या दोन प्राध्यापकांनी ती रसायनं आणली आणि वर्गासमोर मिसळली. स्फोट झाला नाही. द्रव तपकिरी झाला, एवढंच.

कारण भुंगेऱ्याच्या शरीरात दोन कप्पे असतात. पहिल्यात ही दोन्ही रसायनं एकत्रच साठवलेली असतात, शांतपणे. दुसऱ्यात विकरं, म्हणजे एन्झाइम्स. द्रव तिथे पोचला की प्रक्रिया भडकते आणि तापमान 100 अंशांच्या आसपास जातं. शिवाय यातलं काहीच खास या पिचकारीसाठी बनलेलं नाही. हायड्रोक्विनोनपासून बनणारी क्विनोन नावाची रसायनं कीटकांचं कवच कडक करण्याच्या कामी येतात, पेरॉक्साइड पेशींत एरवीही तयार होतं. क्विनोन फवारणारे पण स्फोट न करणारे दुसरे भुंगेरेही आहेत. म्हणजे मधल्या टप्प्यांसारखे भुंगेरे आजही जिवंत आहेत.

स्फोटाचा मुद्दा गिश यांना सोडावा लागला. पण भुंगेऱ्याचा दाखला काही थांबला नाही. माझ्या मते विश्वासार्हता इथे कळते. चूक कुणाचीही होते. दाखवून दिल्यावर त्या चुकीवर उभा केलेला निष्कर्ष माणूस पुन्हा तपासतो का, ते बघा.

आणखी एक. 1982 मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर गिश म्हणाले, काही प्रथिनं बघितली तर माणूस चिंपांझीपेक्षा बेडकाला जवळचा ठरतो. हा दावा तर सरळ तपासता येतो. सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन घ्या, 104 अमिनो आम्लांची साखळी. माणसाची आणि चिंपांझीची तंतोतंत सारखी. ऱ्हीसस माकडाशी एका जागी फरक. बेडूक कितीतरी लांब. मग गिश यांचं प्रथिन कुठलं? लोक विचारत राहिले. पुरावा कधीच मिळाला नाही.

अशा व्याख्यानात दावे धडाधड येतात. जीवाश्म, ऊष्मागतिकी, पृथ्वीचं वय, बेडूक, भुंगेरा, सगळं दहा मिनिटांत. प्रत्येकाला उत्तर द्यायला जाल तर अडकाल, आणि गप्प बसलात तर सभागृहाला वाटेल की उत्तरच नाही. म्हणून एकच दावा निवडा, ज्यात एखादं नाव, आकडा किंवा पदार्थ आहे असा. प्रश्नोत्तरांत उभं राहून नम्रपणे विचारा: सर, हे कुठलं प्रथिन? कुणी मोजलं, कुठे छापलं? उत्तर लिहून घ्या आणि घरी जाऊन मूळ शोधनिबंध उघडा. उत्तराऐवजी तुमच्या श्रद्धेवर किंवा देशप्रेमावर बोलणं सुरू झालं, तर तेही लिहून घ्या.