खालचं काम

(सोलापुरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि गाड्यांचे शौकीन यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आमच्या गॅरेजात एक शब्द रोज ऐकू येतो, ‘खालचं काम’. गाडी रॅम्पवर घेतली, खालून बॅटरी मारली आणि बुश फाटलेले दिसले, लिंक रॉड खडखडतोय, शॉकअप तेल सोडतोय असं दिसलं, की आम्ही मालकाला सांगतो, ‘साहेब, खालचं काम निघालंय.’ गेली सव्वीस वर्षं अक्कलकोट रोडवर मी हेच करत आलोय. अलाइनमेंट, शॉकअप, ब्रेक. त्यामुळे ‘आजच्या जोरदार सेडानमध्ये शौकिनांना कोणत्या सुधारणा हव्यात’ हा विषय तुम्ही मला दिलात, तेव्हा उत्तर शोधावं लागलं नाही. खालचं काम हवं. इंजिनाचा जोर पुष्कळ झाला, आता तो पेलणारं अंग द्या.

जोर किती वाढलाय ते आधी बघू. २००४ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे आली. १.८ लिटर टर्बो (म्हणजे जादा हवा दाबून भरणारं) इंजिन, १५० अश्वशक्ती, हाती गियर. तेव्हा त्या आकड्याचं केवढं अप्रूप होतं! पार्क चौकात ती गाडी उभी दिसली तर आम्ही स्कूटर वळवून परत जायचो, नुसती मागची पाटी बघायला. आज चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाच्या दीड लिटर इंजिनात तेवढीच १५० अश्वशक्ती आहे, ह्युंदाई व्हर्नाच्या टर्बोत १६०. या घरगुती गाड्या आहेत. मुलांना शाळेत सोडतात, रविवारी तुळजापूरला जातात. २०२५ ला आलेली ऑक्टाव्हिया आरएस २६५ अश्वशक्तीची, देशासाठी फक्त १०० गाड्या, किंमत पन्नास लाखांच्या घरात. बाहेरच्या देशांत तर ही चढाओढ फारच पुढे गेली. बीएमडब्ल्यूच्या नव्या एम-५ ची ताकद ७२७ अश्वशक्ती आहे आणि वजन २,४०० किलोच्या वर. पंचवीस वर्षांपूर्वीची एम-५ चारशे अश्वशक्तीची आणि अठराशे किलोच्या आसपास होती. वाढलेल्या जोरातला मोठा वाटा गाडी स्वतःचंच वजन ओढण्यात घालवते. मर्सिडीजने सी-६३ मधलं व्ही-८ इंजिन काढून चार सिलिंडर आणि विजेची मोटर बसवली. कागदावर ६८० अश्वशक्ती झाली, पण शौकिनांचं मन तिच्यावर बसलं नाही. नाकापेक्षा मोती जड, ही आपली म्हण या गाड्यांना तंतोतंत लागू आहे.

आता मी जे स्वतः पाहिलं ते सांगतो. मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या टर्बो सेडानमधून आम्ही चौघं कोकणात निघालो होतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट. भाचा चालवत होता. गाडी ऑटोमॅटिक, गियर ‘डी’ मध्ये आणि पाय सतत ब्रेकवर. अर्धा घाट उतरलो असू, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, ‘मामा, पेडल खाली जातंय.’ मी म्हटलं, ‘घाबरू नको. पाय उचल, परत दाब. स्टेअरिंगमागची डावी पट्टी ओढ, गियर तीनवर आण, मग दोनवर.’ इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी आवरली. पुढे जागा बघून थांबलो. पुढच्या चाकांतून करपट वास येत होता, रिमजवळ हात नेला तरी झळ लागत होती. पाऊण तास तिथेच बसलो.

सोलापुरात आल्यावर ब्रेकचं तेल काढलं. नवं तेल मधासारखं पिवळसर असतं. बाटलीत पडलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. तीन वर्षं बदललेलं नव्हतं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं कोरडं तेल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. घाटात ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, तेल दबत नाही. म्हणून पेडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि खाली जातं.

चूक भाच्याची होतीच. पण मला त्या गाडीबद्दलही बोलायचंय. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन असलेल्या त्या गाडीचे ब्रेक पॅड तिच्या कमी ताकदीच्या बहिणीसारखेच होते. पुढच्या डिस्ककडे हवा नेणारी वाटही नव्हती. शौकीन एकमेकांत भेटले की पहिली तक्रार ऐकू येते ती मागच्या ड्रम ब्रेकची. त्या तक्रारीशी मी अर्धाच सहमत आहे. थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात; मागे डिस्क लावल्याने गाडी देखणी होते, पेडलची पकडही जरा सुधारते, पण घाटात वाचवतात ते पुढचे पॅड, पुढची डिस्क आणि ताजं तेल. पैसे मोजकेच असतील तर आधी तिथे घाला. गणित साधं आहे. वेग ७० वरून १०० वर गेला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. पुणे रस्त्यावर १०० ची परवानगी आहे, म्हणजे ही रोजची गोष्ट झाली.

कोणी म्हणेल, बाहेरून बसवून घ्या. आपल्याकडे तो मार्ग अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि त्यावरचा जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच आहे: कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलायची नाही. शिवाय विमा आणि वॉरंटीचा प्रश्न येतो. म्हणून माझी विनंती कारखान्यालाच आहे. सनरूफ आणि रंगीत दिव्यांचा संच जसा जादा पैसे घेऊन देता, तसा ‘घाट संच’ द्या. चांगले पॅड, मोठ्या डिस्क, डॉट ५.१ तेल, सगळं कंपनीच्या पावतीवर. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी लोक सनरूफ सोडून तो घेतील.

दुसरा विषय आपल्या उन्हाचा. मे महिन्यात सोलापूर ४३ च्या पुढे जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पंधरा अंशांच्या हवेच्या तुलनेत ४३ अंशांची हवा साधारण नऊ टक्के विरळ असते. टर्बो जादा दाब देऊन ती तूट भरून काढतो, पण दाबलेली हवा आणखी तापते, इंटरकूलरला ती पुरेशी थंड करता येत नाही, मग इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोका पडायची भीती असते म्हणून संगणक ठिणगी उशिरा टाकतो. दुपारी दोन वाजता सात रस्त्यावरून निघालेली गाडी जड वाटते ती यामुळे. गाडीत बिघाड नसतो, ती स्वतःला जपत असते. मोठा इंटरकूलर आणि गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ फिरणारा पंखा, एवढं दिलं तरी आमच्यासारख्या उन्हातल्या गावांना जीव येईल.

दोन क्लच आळीपाळीने जोडून आपोआप गियर बदलणाऱ्या ड्युअल क्लच गियरबॉक्सचंही तेच. कोरड्या क्लचचा गियरबॉक्स हलका असतो, इंधन वाचवतो, हायवेवर झकास चालतो. पण गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूने इंच-इंच सरकताना त्याच्या प्लेटा घासून तापतात. तेलात बुडालेला क्लच हा ताप सोसतो. किंमत वाढेल, पण जोराच्या गाडीला तोच हवा.

याच ओघात इथेनॉलबद्दल बोलतो, कारण ते आपल्या शेतातून येतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून अॅव्हरेज पडतं आणि लोक चिडतात. त्यांची चीड खरी आहे. पण दुसरी बाजू आपल्या जिल्ह्याने तरी समजून घ्यावी. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे ठोका न पडू देण्याचा गुण, पेट्रोलपेक्षा बराच वर असतो आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. म्हणजे सिलिंडर आतून थंड होतो. टर्बो इंजिनाला आणखी काय हवं? मी उन्हाची जी अडचण सांगितली तिचं थोडं औषध याच उसात आहे. इंजिनाची जुळवणी मात्र त्या इंधनासाठी मनापासून केलेली हवी. टाकीत इथेनॉल किती आहे हे ओळखणारा सेन्सर बसवा, त्याप्रमाणे ठिणगी लवकर टाकू द्या. ऊस आमचा, ऊनही आमचं. गाडी या दोन्हींना धरून बांधलेली असावी.

आता माझ्या रोजच्या धंद्याकडे येतो. टायर. ऑक्टाव्हिया आरएसला २२५/४० चे १९ इंची टायर येतात. त्यांची भिंत, म्हणजे साइडवॉल, ९० मिलिमीटर. व्हर्टसच्या २०५/५५ च्या १६ इंची टायरची भिंत ११३ मिलिमीटरच्या जवळपास. हा दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा फरक खड्ड्यात कळतो. दर पावसाळ्यात माझ्याकडे वाकलेल्या अलॉय आणि फुगा आलेले टायर रांगेने येतात. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर गेला. मोठी चाकं शोरूममध्ये देखणी दिसतात, मान्य आहे. पण सोळा-सतरा इंची हलकी चाकं आणि जाड भिंतीचा चांगला टायर, असा पर्याय बिनापैशाने मिळावा. आणि डिकीत पूर्ण मापाची स्टेपनी हवी. भिंत फाटली की पंक्चरच्या फेसाचा काही उपयोग होत नाही, आणि मोहोळ ते टेंभुर्णी रात्री अडीच वाजता मदत मिळणं सोपं नसतं.

शॉकअपबद्दल मात्र माझा शौकिनांशी वाद आहे. बरेच जण म्हणतात, गाडी खाली घ्या, कडक करा. तुम्ही आपले गतिरोधक पाहिलेत ना? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. गल्लोगल्ली रातोरात उभे राहणारे आपले गतिरोधक उंचीला जास्त आणि रुंदीला फूटभर. लांब सेडान त्यावर पोटावर बसते. कडक स्प्रिंग लावली तर खराब रस्त्यावर चाक जमीन सोडतं आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. खरी कारागिरी शॉकअपच्या झडपांत आहे. लहान, झटक्याच्या खाचांना मऊ राहायचं आणि वळणावर अंग टाकताना घट्ट व्हायचं. असे शॉकअप निघालेत, पण आपल्याकडे ते महागड्या गाड्यांपुरतेच आहेत. दीडशे अश्वशक्तीच्या सेडानला ते द्या, उंची आहे तशी ठेवा.

स्टेअरिंगचं सांगायचं तर एक अनुभव पुरेसा आहे. गाळपाच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर शेतातून थेट महामार्गावर चढतात. चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सांडते. त्यावर अवकाळीची एक सर पडली की रस्ता साबणासारखा होतो. माझ्या जुन्या गाडीला तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग होतं. त्या मातीवर पुढची चाकं गेली की हातात स्टेअरिंग एकदम हलकं व्हायचं, आणि घसरण्याआधीच पाय अॅक्सिलरेटरवरून उठायचा. आताच्या बऱ्याच गाड्यांत विजेची मोटर स्टेअरिंगच्या दांड्यावर असते. ती सगळं एकाच वजनाचं करून टाकते. मोटर खाली, चाकं वळवणाऱ्या रॅकवर बसवली तर खर्च वाढतो, पण रस्ता पुन्हा हाताला कळू लागतो. ‘स्पोर्ट’ बटण दाबून स्टेअरिंग जड करणं याला मी सुधारणा मानत नाही. वजन वाढलं तरी रस्त्याची खबर काही हाताला लागत नाही.

पडद्यांबद्दल थोडक्यात. एसीची, काच पुसण्याची, आवाजाची बटणं हाताला लागली पाहिजेत, नजर रस्त्यावरून न हलवता. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींसाठी खरी बटणं नसतील तर पंचतारांकन अवघड केलंय, तेव्हा हे वारं बदलेलच. लेन राखणारी यंत्रणा असावी, पण बंद करायला एकच बटण असावं आणि गाडीने ते लक्षात ठेवावं. रिफ्लेक्टर नसलेली दोन ट्रॉल्यांची गाडी समोर आल्यावर आपण बाजूला घेतोय आणि स्टेअरिंग उलटं ओढतंय, हा प्रसंग ज्याच्यावर आलाय त्याला विचारा. आणि हाती गियर ठेवा. सगळ्यांसाठी नाही, मागेल त्याच्यासाठी.

शेवटची मागणी माझ्या मनाला सगळ्यात लागून आहे. महागड्या गाडीचं साधं काम निघालं तरी सोलापूरच्या माणसाला ती पुण्याला न्यावी लागते, अडीचशे किलोमीटर. आमच्या पोरांच्या हातात कसब नाही म्हणून नव्हे, तर गाडीच्या संगणकाला कुलूप आहे म्हणून. मागचे पॅड बदलायचे तर इलेक्ट्रिक हँडब्रेक मागे घ्यावा लागतो, आणि त्यासाठी संगणकाची परवानगी लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. ते पाऊल योग्य होतं. आता कंपन्यांनी नट किती घट्ट आवळायचा, तेल कोणत्या प्रतीचं, अलाइनमेंटचे आकडे काय, हे सगळं खुलं करावं, वाजवी पैसे घेऊन करावं. ज्या गाडीवर जीव लावायचा, तिची देखभाल आपल्या गावात होऊ नये, हे मला पटत नाही.

विद्यार्थ्यांसाठी भाच्याची गाडी मी आज बरोबर आणलीय. खाली आवारात जॅकवर आहे, पुढचं डावं चाक काढून ठेवलंय. टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागेल, उलट्या दिशेने करवतीच्या दातांसारखं. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडला की असं होतं. नवे पॅड आणि जुने पॅड शेजारी ठेवलेत, आणि ते कोऱ्या चहाच्या रंगाचं तेलही बाटलीत आहे. चार-चार जण मिळून या, म्हणजे सगळ्यांना नीट हात लावून बघता येईल.