पेपरच्या टेबलावर पैशाचा विषय

सकाळी वाचनालय उघडलं की पहिली गर्दी पेपरच्या टेबलाशी. निवृत्त मंडळी आधी निधनवार्ता बघतात, मग ठेवींच्या व्याजदराची जाहिरात. आत अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं, सुट्टीत बालविभागात पोरांचा कलकलाट, संध्याकाळी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायका. पैशाबद्दल सगळ्या वयांशी बोलायला याहून चांगली जागा कुठली?

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. मुंबईचा शेअर बाजार १८७५चा, म्हणजे तसा धाकटाच!

शिवाय इथे कुणी काही विकत नाही. एरवी ‘मोफत मार्गदर्शन’ म्हणून बोलावतात, चहा-बिस्किटं होतात आणि शेवटी पॉलिसीचा फॉर्म पुढे सरकतो. ग्रंथपालाला कमिशन नसतं.

बालविभागातल्या फळ्यावर एक गणित मांडता येईल. हजार रुपये, ८ टक्के, ९ वर्षं. सरळ व्याजाने १७२०, चक्रवाढीने १९९९. मोठ्यांसाठी तेच गणित उलटं: महिना ३ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज तसंच चढू दिलं, तर दोन वर्षांत दुपटीच्या वर जातं.

पण खरी निकड पेपरच्या टेबलावर आहे. बँक बुडाली तर ठेव विम्यातून ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं, मुद्दल आणि व्याज धरून. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागले म्हणून ही मर्यादा चौपट होत नाही. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पतसंस्थांना नाही. गल्लीतली पतसंस्था एखादा टक्का जास्त देते, संचालक ओळखीचे असतात, आणि पावती बँकेच्या पावतीसारखीच दिसते. आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवण्याआधी हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. हक्क मात्र बुडत नाही. २०२३मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर अशा ठेवी शोधता येतात. आजोबांना पोर्टल जमत नाही, अभ्यासिकेतल्या मुलाला पाच मिनिटं पुरतात. दोघं एकाच इमारतीत बसलेले असतात.

त्याच मुलाने काकूंना एवढं सांगावं: जुना सोफा विकताना गिऱ्हाईकाने क्यूआर कोड पाठवला, तर स्कॅन करायचा नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

छापील साहित्य रिझर्व्ह बँकेने तयार ठेवलंय, फसवणुकीच्या चाळीस तऱ्हा सांगणारी चित्रमय पुस्तिकासुद्धा. प्रश्न माणसाचा. लहान गावात ग्रंथपालच पुस्तकं देतो, नोंदी करतो, कुलूपही लावतो. त्याच्यावर हे लादू नये. सभासदांत निवृत्त बँक कर्मचारी सापडतोच, महिन्यातला एक रविवार त्याला द्यावा. अट एकच: ओळखीच्या एजंटचा नंबर वाटायचा नाही.